आधी चालायचं, मग जेवायचं

कॉव्हेंट्रीतल्या माझ्या पहिल्या महाराष्ट्र दिनाला मी उपाशीपोटी गेले, ही माझी चूक. मंडळाच्या ईमेलमध्ये पुरणपोळी, कटाची आमटी आणि मसालेभात असा बेत लिहिला होता. नागपूरहून येऊन सहा महिने सॅंडविचवर काढलेल्या बाईने एवढं वाचल्यावर सकाळी टोस्ट खायचा तरी कशाला? मेच्या पहिल्या सोमवारी इथे बँक हॉलिडेची सुट्टी असते, मंडळाचा महाराष्ट्र दिन तेव्हाच व्हायचा. चर्चचा जो हॉल मंडळ भाड्याने घ्यायचं, त्याच्या दाराशी मी पोचले तर दाराला कुलूप. बाहेर पार्किंगमध्ये लोक गाड्यांना टेकून उभे होते आणि कुणाच्या तरी डिकीतून आमटीचा वास येत होता.

"किल्ली कुणाकडे आहे?" मी विचारलं.

"कारखानीसकाकांकडे," निखिल म्हणाला. हा माझ्याच कंपनीतला, पुण्याचा, आणि मंडळातला मुरलेला. "ते टाउन सेंटरला थिएटरपाशी उभे असतील. आपण सगळे तिकडे जायचं, त्यांचा वॉक करायचा, मग ते येऊन हॉल उघडणार. इथला रूल आहे. आधी चालायचं, मग जेवायचं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरोखरच सगळी वरात निघाली. नऊवारी नेसलेल्या दोघी, पायात ट्रेनर्स. कुरकुरणारी मुलं, प्रॅम, नुकतंच भारतातून आलेलं कुणाचं सासूसासऱ्यांचं जोडपं. थिएटरच्या दारापाशी एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ उभे होते. अंगात तपकिरी रेनकोट, हातात मिटलेली काळी छत्री. ती छत्री मी नंतरच्या चार वर्षांत एकदाही उघडलेली पाहिली नाही. पाऊस आला की काका भिजायचे आणि छत्रीने इमारती दाखवायचे.

या फेरीला ते 'लाल फेरफटका' म्हणत. कॉव्हेंट्री युद्धात बॉम्बखाली बेचिराख झालं आणि नंतर नव्याने बांधलं गेलं, एवढं आम्ही सगळे कुठे ना कुठे वाचून होतो. काकांचा रस त्याच्या पुढच्या गोष्टीत होता. त्या बांधणीच्या काळात या शहराने पूर्वेकडच्या लाल देशांतल्या शहरांशी मैत्री जोडली, आणि त्या मैत्रीच्या खुणा अजून रस्त्यांवर आहेत. लोक त्यांच्यावरून ट्रॉल्या ढकलत जातात आणि कुणी बघत नाही, ही काकांची तक्रार. या थिएटरमधलं लाकूड युगोस्लाव्हियातून भेट म्हणून आलं. या गावच्या बायकांनी युद्धाच्या दिवसांत एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामाने काढली आणि तो स्टालिनग्राडच्या बायकांना पाठवला. रिंगरोडच्या पुलाखाली एक चौक आहे, त्याला त्याच शहराचं नंतरचं नाव दिलंय, व्होल्गोग्राड. अशी थांबत थांबत ती फेरी त्या चौकात संपायची. तिथे डोक्यावरून गाड्या धडधडत जात असायच्या आणि काका शेवटचं वाक्य मोठ्याने म्हणायचे, "इथे उभं राहिलं की पटतं, माणसाला माणूस हवा असतो." मग खिशातून किल्ली काढायचे. त्याबरोबर मुलं पळत सुटायची.

हॉलची किल्ली त्यांच्याकडे असण्याचं कारण साधं होतं. हॉलचा केअरटेकर आणि काका एकाच कारखान्यात होते आणि तो म्हातारा दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली द्यायला तयार नसे. मंडळाचे तीन अध्यक्ष बदलले, किल्ली बदलली नाही. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला येतात, हे काकांच्या लेखी निव्वळ योगायोग नव्हतं. वर्षातून एकदा तरी मराठी माणसाने कामगारासाठी चालावं, असा त्यांचा हिशेब. मंडळी चालायची. पुढे काका, काकांच्या खिशात किल्ली आणि किल्लीच्या मागे आम्ही.

पहिल्या वर्षी मीही किल्लीच्याच मागे होते. पण थिएटरमध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांना लाकडाला हात लावायला लावला. "बघणं म्हणजे हात लावणं. काचेतून बघायला आपण काय मासे आहोत?" म्हणाले. मी हात लावला. गुळगुळीत होतं, आणखी काही विशेष नव्हतं. पण काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मी काही चाखलं आहे आणि आता चव सांगणार आहे. मी म्हटलं, "छान आहे." ते म्हणाले, "कुणी केलं असेल?"

हा त्यांचा प्रश्न. जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल ते हाच विचारायचे आणि 'दुकानातून आणली' हे उत्तर त्यांना चालत नसे. आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, यंत्रं बनवणारी यंत्रं बनवण्यात. त्यामुळे हातात आलेली वस्तू आधी उलटी करायची, तिचं बूड बघायचं, कडेवरून अंगठा फिरवायचा. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा वाटी उलटी केली. तोवर ठीक. पण एका बारशाला त्यांनी शिऱ्याची बशी उलटी केली, शिऱ्यासकट. शिरा यजमानांच्या कार्पेटवर. शैलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे टिश्यू घेऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बघितलंत ना? मेड इन चायना. आता उठा."

शैलाकाकू दादरच्या. लग्न करून इथे आल्या, तीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये काम केलं, आणि काकांच्या लाल फेरफटक्याला एकदाही गेल्या नाहीत. महाराष्ट्र दिनाच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे असत. सगळे चालत असताना त्या घरी शेवटच्या पोळ्या भाजत असायच्या, आणि मुलगी मीरा त्यांना गाडीतून हॉलवर आणायची. टेबलक्लॉथची गोष्ट मी एकदा त्यांना भारावून सांगितली, तर म्हणाल्या, "चांगलं आहे. धुणार कोण होतं तो?"

काका मूळचे परळचे. गिरणीतल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, मुलगा. इंजिनियरिंगचा डिप्लोमा झाला, कम्युनिस्ट पक्षातल्या कुणीतरी नाव सुचवलं आणि साठच्या दशकात शिष्यवृत्तीवर चेकोस्लोव्हाकियाला गेले, ब्रनो नावाच्या गावी, यंत्रविद्या शिकायला. तिथली चार वर्षं हा त्यांचा स्वर्ग. तिथल्या ट्राम, तिथले प्राध्यापक, वर्कशॉपमध्ये झाडू मारणाऱ्यालाही मिळणारं ऑपेराचं तिकीट. या गोष्टी ते रंगवून सांगत, आणि मीरा त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट आधीच बोलून दाखवत असे. ती इथेच जन्मलेली, फार्मसिस्ट, तिशीची. "बाबा, हा गोष्ट तू मला शंभर टाइम सांगितलास," असं म्हणत म्हणत ती ऐकायची.

एक गोष्ट मात्र ते कधी सांगत नसत. अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये त्या देशात रशियाचे रणगाडे घुसले, हे आम्हीही शाळेत ओझरतं शिकलो होतो. मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला गेले असताना सहज विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?"

"मी डोंगरात होतो. सुट्टीवर," ते म्हणाले. "आलो तेव्हा सगळं आटपलं होतं."

एरवी साध्या स्क्रूबद्दल अर्धा तास बोलणारा माणूस दोन वाक्यांत मोकळा झाला आणि लोणचं मागितलं. शैलाकाकूंनी बरणी पुढे सरकवली. नंतर भांडी पुसताना त्या मला म्हणाल्या, "कारखान्यात लागले तेव्हा तिथल्या युनियनवाल्यांनी पण हेच विचारलं होतं. तेव्हापासून उत्तर तेच आहे. मी विचारणं सोडून दिलं." त्यांना ते खटकतं, हे त्यांच्या पुसण्यावरून कळत होतं. ताट कधीच कोरडं झालं होतं.

काकांची चेष्टा आम्ही खूप करायचो, पण एक प्रसंग झाला आणि निखिलने तरी ती सोडली. त्याचा प्रोजेक्ट बंद झाला. कंपनीने त्याला एका मीटिंगला बोलावलं आणि त्या मीटिंगचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. व्हिसा नोकरीला बांधलेला, बायको सातव्या महिन्यात. काकांना कळलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमची संघटना कुठली?" निखिल हसला. आयटीवाल्यांची कसली संघटना? काका हसले नाहीत. मीटिंगच्या दिवशी सकाळी ते रेनकोट घालून आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये हजर.

"काका, तुम्हाला आत येऊ देणार नाहीत," निखिल म्हणाला.

"नको ना. मी इथे बसतो."

आणि बसले. थर्मास, गुडघ्यावर आडवी छत्री. रिसेप्शनिस्टने दोनदा विचारलं, तुमची कुणाशी अपॉइंटमेंट आहे? त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं, "मी निखिलबरोबर आहे." नोकरी वाचली नाही. पण निखिल नंतर मला म्हणाला, की एरवी त्याने मान खाली घालून सही केली असती. बाहेर कुणीतरी आपल्यासाठी बसलंय, या एका गोष्टीने त्याला तोंड उघडायचा धीर आला. त्याने मुदत वाढवून मागितली आणि त्यांनी दिली. बाळ इथेच झालं. तोवर दुसरी नोकरीही मिळाली. मला त्या दिवशी काकांबद्दल जे वाटलं, त्याला आदरच म्हणायला हवं. त्याआधी नुसती माया होती.

मग यितका आली.

पूर्व युरोपातले देश युरोपियन युनियनमध्ये आल्यावर कॉव्हेंट्रीत पोलिश दुकानं निघाली, बसमध्ये नव्या भाषा ऐकू यायला लागल्या, आणि काकांच्या डेंटिस्टच्या जागी एक नवी बाई आली. पन्नाशीची, चेक, ती पण ब्रनोच्या जवळच्याच गावची. ही बातमी काकांनी आम्हाला सुजलेल्या गालाने सांगितली. "मी खुर्चीत आडवा. तिने तोंडात आरसा घातला, मी चेकमध्ये म्हटलं, दुखतंय. तर बाई थांबलीच. मग दोन्ही हात माझ्या तोंडात घालून विचारते, कुठे शिकलात? आता सांगू कसं?"

"काय म्हणाली तुमच्या चेकला?" मी विचारलं.

"म्हणाली, तुम्ही माझ्या वडिलांसारखं बोलता. आता असं कुणी बोलत नाही." काका यावर इतके खूश होते, की भूल उतरली तरी गाल धरून हसत होते. त्यांनी लगेच तिला महाराष्ट्र दिनाचं आमंत्रण दिलं. लाल फेरफटका, मग जेवण.

त्या वर्षी एक मे नेमका सोमवारीच आला होता. काकांनी रेनकोट ड्रायक्लीन करून आणला होता. यितका आखूड केसांची, सडपातळ बाई. आली, सगळ्यांशी हात मिळवला, थिएटरमध्ये लाकडाला हात लावला, टेबलक्लॉथची गोष्ट लक्ष देऊन ऐकली. काका तिच्यासाठी मधूनमधून चेकमध्ये बोलत होते. तिच्यासमोर आपलं शहर मांडताना त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. आपण जे आयुष्यभर सांगत आलो, त्याला आज तिकडचंच माणूस साक्षीला आलं, असंच त्यांना वाटत असणार.

चौकात पोचलो. काका पुलाखाली नेहमीच्या जागी उभे राहिले, पण मागची मंडळी यायची होती. यितकाने शेजारी उभ्या असलेल्या निखिलला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही हे दर वर्षी करता?"

निखिल दिलखुलास माणूस. म्हणाला, "करावंच लागतं. हॉलची किल्ली यांच्याकडे आहे. चाललो नाही तर जेवण नाही."

तिने ते पुन्हा सांगायला लावलं. मग ती हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकाही हसत पुढे आले. काय झालं, आम्हालाही सांगा.

"काही नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे पण असंच होतं. एक मेला शाळेची परेड. सुरुवातीला बाई हजेरी घ्यायच्या. हातात कागदी झेंडा. सगळं गाव चालायचं, आणि शेवटी सॉसेज मिळायचे, संत्री मिळायची. वर्षात त्याच दिवशी. मला वाटायचं, लोक त्या सॉसेजसाठी चालतात." ती डोळे पुसत होती. "तुमच्याकडे सॉसेजऐवजी गोड पोळी आहे. ती मला जास्त आवडेल."

काका अजून हसत होते, पण त्यांचं हसू आता चेहऱ्यावर नुसतं राहून गेलं होतं.

"माझे वडील भूगोल शिकवायचे," ती पुढे म्हणाली. आवाजात राग नव्हता. डेंटिस्ट दाढेबद्दल सांगते तशी सांगत होती. "रणगाडे आले तेव्हा ते वर्गात काहीतरी बोलले. त्यांना शाळेतून काढलं आणि हॉस्पिटलच्या बॉयलरवर कोळसा घालायला लावलं. शेवटपर्यंत तेच काम. पण एक मेला ते परेडमध्ये पहिल्या रांगेत चालायचे. का, ते मला नंतर कळलं. नाही तर मला डेंटलला प्रवेश मिळाला नसता." आणि मग तिने, अगदी साधेपणाने, कुणीही विचारेल तसं विचारलं, "तुम्ही तर ब्रनोतच होतात. त्या ऑगस्टमध्ये कुठे होतात?"

"डोंगरात," काका म्हणाले. "सुट्टीवर."

यितकाने मान हलवली. "माझ्या ओळखीतले पुष्कळ लोक तेव्हा डोंगरात होते."

एवढंच.  एव्हाना मागची मंडळी आली होती आणि सगळे काकांच्या शेवटच्या वाक्याची वाट बघत होते, कारण त्याच्यानंतर किल्ली निघते. काकांनी ते वाक्य म्हटलंच नाही. खिशातून किल्ली काढली, निखिलच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जा. उघड तू." आम्ही निघालो. मी वळून पाहिलं, तर ते तिथेच, खांबाशी, छत्री दोन्ही हातांत धरून उभे होते. हॉलवर ते उशिरा आले आणि जेवले. ताट उलटं करून बघितलं नाही.

पुढे कित्येक महिने शैलाकाकूंचा फोन आला की हीच काळजी. "वस्तू उचलतात आणि तशाच ठेवतात गं. बागेत बसतात. दात सगळे शाबूत आहेत, तरी त्या डॉक्टरणीकडे जातात." तिथे ते काय बोलत, कुणास ठाऊक. एकदा मी यितकाला शहरात भेटले, तेव्हा तिने एवढंच सांगितलं, की तो माणूस माझ्या वडिलांबद्दल खूप प्रश्न विचारतो. ते बॉयलरवर काय वाचायचे, कुणी भेटायला यायचं का, परेडहून घरी आल्यावर काय करायचे. मला यितकाचा राग आला होता, हे सांगायला हवं. इतकी वर्षं एका म्हाताऱ्याने जपलेलं तिने दोन मिनिटांत हसून मोडलं, असं मला वाटत होतं. पण ती खोटं काहीच बोलली नव्हती, आणि आम्हीही तर किल्लीच्याच मागे चालत होतो. राग धरायचा तर कुणाकुणावर?

पुढच्या महाराष्ट्र दिनाच्या आधी काकांनी स्वतःच मंडळाला कळवलं. या वर्षीपासून हॉल अकरालाच उघडेल, जेवण लगेच. फेरफटका ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. कमिटीने हे इतक्या चटकन मान्य केलं, की मला वाईट वाटलं. कुणीतरी निदान 'अहो, असं कसं' म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी अकरा वाजता हॉल उघडा होता. टेबलं मांडलेली, पोळ्यांवर तूप, सगळे आनंदात. काका रेनकोट घालून दारात उभे राहिले. "मी निघतो," म्हणाले. "कुणाला यायचं असेल तर." त्यांनी आवाज चढवला नाही. पानं वाढली जात होती. कुणीतरी म्हणालं, "काका, नेक्स्ट इयर शंभर टक्के." निखिलच्या कडेवर वर्षाचं पोर होतं आणि त्याच्या दुसऱ्या हातात ताट. तो मनापासून ओशाळला, पण हलला नाही. काकांनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. या माणसाबरोबर आज कुणीच गेलं नाही तर काय होईल? मी वाढून घेतलेलं ताट खाली ठेवलं. पुरणपोळीवर माझा जीव होता, हे खोटं कशाला सांगू. पण ठेवलं.

मीरा आली. तेरा वर्षांची झाल्यावर तिने हा वॉक बंद केला होता. आणि मग शैलाकाकूंनी अंगावरचा एप्रन काढला. "पोळ्या झाल्यात. तूप वाढायला मी कशाला हवी?" असं म्हणत साडीवर कार्डिगन चढवून आमच्या आधी दारात. काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बाबा, तू फास्ट नको चालू," मीरा म्हणाली. "आईचा गुडघा दुखते."

यितका थिएटरपाशी वाट बघत होती. अशी आमची मिरवणूक. काकांनी सगळं नेहमीसारखंच सांगितलं, जरा हळू. शैलाकाकूंनी लाकडाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. टेबलक्लॉथची गोष्ट त्यांनी काकांच्या तोंडून प्रथमच ऐकली. या वेळी धुण्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

त्या शरद ऋतूत माझं इथलं काम संपलं आणि मी नागपूरला परत आले. काका त्यानंतर दोन-तीन वर्षांत गेले. मीराने फोनवर सांगितलं, झोपेत गेले. त्यांचा विचार मनात आला की मला ते हॉलमधले किंवा जेवणाच्या टेबलावरचे दिसत नाहीत. दिसतात ते त्याच दुपारचे, रिंगरोडच्या पुलाखालचे. वरून लॉऱ्या चालल्यात, खाली आम्ही चौघी, आणि ते कठड्यावर बसलेत. एरवी तिथे ते कधी बसत नसत.

"मी डोंगरात नव्हतो," ते म्हणाले. यितकासाठी इंग्रजीत म्हणाले, मग काकूंकडे वळून मराठीत. नंतरचं सगळं मराठीतच बोलले आणि मीरा हळू आवाजात यितकाला सांगत राहिली.

पहाटेची वेळ होती. घरमालकिणीच्या कपाटातले कप वाजायला लागले, त्याने ते जागे झाले. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर रणगाड्यांची रांग. घरमालकीण एकटी, विधवा बाई. युद्ध संपलं तेव्हा तिने याच रशियन रणगाड्यांवर फुलं टाकली होती, हे ती काकांना पुष्कळदा सांगायची. आता ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून आवाज न करता रडत होती.

"मी गेलो तिच्याजवळ," काका म्हणाले. "खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, रडू नका. घाबरू नका. ते आपलेच आहेत." ते थांबले. "तोवर माझं चेक चांगलं झालं होतं. वाक्य अगदी बरोबर आलं. मला त्याचा आनंद झाला, शैला. वाक्य बरोबर आल्याचा."

 यितका खाली फरशीकडे बघत होती. मीराचं भाषांतर कधीच थांबलं होतं. काकांची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. त्यांना असं रडताना मी पाहू नये असं मला वाटलं, आणि तिथून हलवेना पण.

शैलाकाकू त्यांच्या शेजारी कठड्यावर बसल्या, दुखरा गुडघा सांभाळत.

"मग त्या दिवशी तुम्ही जेवलात कुठे?" त्यांनी विचारलं.

"आई, काय विचारते तू," मीरा म्हणाली.

पण काकांनी मान वर केली. चाळीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसेल. ते काकूंकडे बघत राहिले.

"तिच्याकडेच," ते म्हणाले. "तिनंच वाढलं. रोजच्यासारखं. सूप होतं, ब्रेड होता. समोर बसून राहिली. वाटी संपली तर म्हणाली, आणखी घे."

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.

"आणि मी घेतलं," कारखानीसकाका म्हणाले.